बिऱ्हाड हलवता आलं पाहिजे

माझ्या फोनमध्ये माणसांशी बोलण्यासाठी सहा ॲप आहेत. मावशी एका ॲपवर, कॉलेजमधल्या मैत्रिणी दुसऱ्यावर, आणि ज्यांचं लिखाण मी आवडीनं वाचते ती माणसं तिसऱ्यावर. तिसऱ्या ठिकाणी वाचलेलं काही मावशीला दाखवायचं झालं, की मी स्क्रीनशॉट काढते आणि पहिल्या ॲपवरून पाठवते. तिला त्या लेखिकेला एखादा प्रश्न विचारावासा वाटला, तर तिनं तिसऱ्या ॲपवर नवं खातं उघडायचं, फोन नंबर द्यायचा, आणखी एक पासवर्ड सांभाळायचा. ती अर्थातच हे काही करत नाही. प्रश्न तिच्या मनातच राहतो.

त्याच फोनमध्ये ईमेलही आहे. मावशीचा ईमेल एका कंपनीकडे, माझा दुसऱ्या कंपनीकडे, ऑफिसचा तिसरीकडेच कुठेतरी. तरी पत्र जातं आणि उत्तर येतं. समोरच्यानं कोणतं ॲप घेतलंय, याची चौकशी ईमेल पाठवताना आजवर मला कधी करावी लागलेली नाही.

एकाच फोनमधल्या या दोन गोष्टींत इतका फरक का, हे नीट कळलं की ‘विकेंद्रित सोशल मीडिया’ (म्हणजे एकाच कंपनीच्या हातात नसलेला सोशल मीडिया) या जडजंबाल शब्दांमागचं बरंचसं उलगडतं. मी गेली काही वर्षं अशा ठिकाणी राहते आहे, म्हणजे लिहिते-वाचते आहे. तिथलं सगळंच गोड आहे असं नाही, पण तिथं काय चालतं ते जास्तीत जास्त लोकांना कळावं असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात ईमेलपासूनच करू. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अभियंत्यानं एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरच्या माणसाला निरोप पाठवण्याची सोय केली, आणि पत्ता लिहिताना माणसाचं नाव व संगणकाचं नाव यांच्यामध्ये ‘ॲट’ हे चिन्ह वापरलं. अमुक माणूस, तमुक ठिकाणी. पुढे १९८२ मध्ये ‘एसएमटीपी’ नावाची नियमावली प्रसिद्ध झाली. एका सर्व्हरनं, म्हणजे लोकांचं टपाल सांभाळणाऱ्या, सतत चालू असलेल्या संगणकानं, दुसऱ्याला हाक कशी मारायची, पत्र कोणाचं आणि कोणासाठी ते कसं सांगायचं, पोचपावती कशी द्यायची, हे त्यात लिहिलेलं आहे. अशा नियमावलीला प्रोटोकॉल म्हणतात. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन संगणकांनी कसं बोलायचं, याची आधीच ठरवलेली रीत. ही रीत सगळ्यांसाठी खुली असते. ती पाळणारा कोणताही सर्व्हर उद्यापासून ईमेलच्या जगात येऊ शकतो, कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही.

सोशल मीडिया मात्र या वाटेनं गेला नाही. तिथं तुमचं नाव, तुमच्या मित्रांची यादी, तुमच्या पोस्ट, त्या ज्या ॲपमधून दिसतात ते ॲप आणि कोणाला काय आधी दिसावं हे ठरवणारा अल्गोरिदम, हे सगळं एकाच कंपनीच्या हातात असतं. याची सोय मोठी आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. नाव टाकलं की माणूस सापडतो, सगळं एका ठिकाणी असल्यानं झटपट चालतं, बिघाड झाला तर दुरुस्त करणारा पगारी माणूस असतो. पण बिघाड मोठा असला तर तो सगळ्यांचाच असतो. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या जाळ्यात एक चूक झाली आणि फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास बंद पडली.

सहा तासांचं एवढं काही नाही. कायमचं बंद होण्याचं काय? याहू या कंपनीनं लोकांना स्वतःची वेबपानं बनवू देणाऱ्या आपल्या जिओसिटीज या सेवेला २००९ मध्ये टाळं लावलं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालं. गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गेलं. त्याच वर्षी मायस्पेसनं जाहीर केलं, की सर्व्हर बदलताना २०१५ आणि त्याआधी लोकांनी चढवलेली गाणी नाहीशी झाली आहेत. आपलं असं ज्याला लोक समजत होते, ते दुसऱ्याच्या जागेत ठेवलेलं होतं.

माझ्याही वाट्याला हे आलं. एका संकेतस्थळावर मी सात वर्षं लिहीत होते. एके दिवशी नोटीस आली, की महिनाअखेर सेवा थांबेल, आपला मजकूर उतरवून घ्या. मी उतरवला. एक झिप फाइल मिळाली, तिच्यात मी लिहिलेलं सगळं तारखेनुसार होतं. पण त्याखाली इतरांनी दिलेली उत्तरं नव्हती, कारण ती माझी नव्हती. मी कोणाला उत्तर देत होते त्यांची नावं नव्हती. ‘हो, अगदी बरोबर, पण शेवटचा मुद्दा मला पटत नाही’ असं एक वाक्य सापडलं. कोणता मुद्दा, कोणाचा, ते आता मला कधीच कळणार नाही. मजकूर हाती आला आणि गोतावळा मागे राहिला. त्या दिवसापासून मी सोशल मीडियाकडे एकाच प्रश्नातून पाहते: इथून निघायची वेळ आली, तर माझ्याबरोबर काय काय येईल?

विकेंद्रित सोशल मीडियाच्या सगळ्या तऱ्हा म्हणजे याच प्रश्नाला दिलेली वेगवेगळी उत्तरं आहेत, असं मला वाटतं.

त्यातलं सगळ्यात रुळलेलं उत्तर म्हणजे मास्टोडॉन. जर्मनीतल्या ऑयगेन रोखको या तरुण प्रोग्रामरनं ते २०१६ मध्ये लोकांसमोर आणलं. त्याच्याही आधी प्रयत्न झाले होते. २००८ मध्ये आयडेंटिका, २०१० मध्ये न्यूयॉर्कमधल्या चार विद्यार्थ्यांनी लोकवर्गणीतून सुरू केलेलं डायस्पोरा. पण घडी बसली ती मास्टोडॉनपासून. मास्टोडॉन ही एक वेबसाइट नाही. ते एक सॉफ्टवेअर आहे, फुकट आणि खुलं. कोणीही ते आपल्या सर्व्हरवर बसवावं आणि तिथं लोकांना खाती द्यावीत. असे हजारो सर्व्हर आहेत. काहींवर लाखो माणसं आहेत, काहींवर एखादंच कुटुंब, काहींवर तर एकच माणूस. तुमचा पत्ता ईमेलसारखाच: अमुक माणूस, तमुक सर्व्हरवर. आणि एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाला सहज फॉलो करू शकतो.

हे सर्व्हर एकमेकांशी ज्या रीतीनं बोलतात तिचं नाव ॲक्टिव्हिटीपब. वेबचे मानदंड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं २३ जानेवारी २०१८ रोजी तिला अधिकृत मान्यता दिली. तिचा गाभा इतका साधा आहे की सांगताना मला दर वेळी आनंद होतो. प्रत्येक खात्याला दोन पेट्या असतात, एक आलेल्या टपालाची आणि एक जाणाऱ्या टपालाची. मी पोस्ट लिहिली की ती माझ्या जाणाऱ्या पेटीत पडते. मग माझा सर्व्हर यादी काढतो, की मला फॉलो करणारी माणसं कोणकोणत्या सर्व्हरवर आहेत. समजा तीनशे माणसं चाळीस सर्व्हरवर विखुरलेली आहेत. मग चाळीस प्रती निघतात, प्रत्येक सर्व्हरला एक, आणि तो सर्व्हर ती आपल्याकडच्या माणसांना दाखवतो. प्रत्येक प्रतीवर माझ्या खात्याची डिजिटल सही असते, म्हणजे दुसऱ्या कोणाला माझ्या नावानं काही खपवता येत नाही. कोणी उत्तर दिलं, पसंती दर्शवली, की तेही अशाच चिठ्ठीच्या रूपात माझ्या आलेल्या पेटीत येऊन पडतं.

एवढं कळलं की या जगातल्या पुष्कळ विचित्र गोष्टींचा उलगडा होतो, आणि नवख्या माणसाला नेमकं हेच कोणी सांगत नाही. उदाहरणार्थ, एकाच पोस्टखाली मला बारा उत्तरं दिसतात आणि दुसऱ्या सर्व्हरवरच्या मैत्रिणीला सातच. बिघाड झाला असं वाटतं. खरं तर तिच्या सर्व्हरकडे सातच चिठ्ठ्या पोचलेल्या असतात. सगळ्या जगाचा हिशेब ठेवणारी एक मोठी वही इथं नाही. प्रत्येक सर्व्हर आपल्या कानावर आलं तेवढंच सांगतो. पसंतीचे आकडेही त्यामुळेच जुळत नाहीत. मास्टोडॉनच्या नव्या आवृत्त्या गहाळ उत्तरं आपणहून शोधून आणू लागल्या आहेत, त्यामुळे हा त्रास कमी होतोय.

पोस्ट पुसण्याचंही तसंच. मी पोस्ट पुसली की माझा सर्व्हर त्या चाळीस ठिकाणी ‘ही काढून टाका’ अशी विनंती पाठवतो. नीट चालवलेले सर्व्हर ती पाळतात. एखादा त्या वेळी बंद असेल किंवा मुद्दाम दुर्लक्ष करत असेल, तर प्रत तिथं राहू शकते. दिलेलं पत्र परत मागता येतं, पण ते समोरच्याच्या कपाटात असतं. मी आता लिहिताना हे लक्षात ठेवते.

सगळ्यात जपण्याची जागा म्हणजे खासगी संदेश. मास्टोडॉनवरचा खासगी संदेश हा ठरावीक माणसांपुरती मर्यादित ठेवलेली पोस्टच असतो. तो दोन टोकांमध्ये कुलूपबंद नसतो, त्यामुळे दोन्हीकडच्या सर्व्हरचे ॲडमिन, म्हणजे ते चालवणारे, तांत्रिकदृष्ट्या तो वाचू शकतात. शिवाय संदेशात तिसऱ्या माणसाचा पत्ता लिहिला, तर तो संदेश त्यालाही जातो! एखाद्याबद्दल चार शब्द दुसऱ्याला सांगायचे असतील तर त्याचा पत्ता न लिहिलेलाच बरा. गुपित असेल तर सिग्नल या ॲपसारखं त्यासाठीच बनवलेलं साधन वापरावं.

ॲक्टिव्हिटीपब वापरणारं मास्टोडॉन एकटं नाही. व्हिडिओंसाठी पीअरट्यूब आहे, फोटोंसाठी पिक्सेलफेड, चर्चांसाठी लेमी. या साऱ्या गोतावळ्याला ‘फेडिव्हर्स’ म्हणतात. माझ्या मास्टोडॉन खात्यावरून मी पीअरट्यूबवरच्या वाहिनीला फॉलो करते, आणि माझं उत्तर तिथं व्हिडिओखाली दिसतं. वर्डप्रेसवर ब्लॉग लिहिणारेही याला जोडून घेऊ शकतात. फेसबुकवाल्या मेटा कंपनीच्या थ्रेड्स या ॲपनं २०२४ पासून आपल्या वापरकर्त्यांना फेडिव्हर्समध्ये पोस्ट पाठवायची मुभा देऊ केली आहे, ज्यांनी ती सुरू केली त्यांच्यापुरती. म्हणजे मावशी एका ठिकाणी आणि लेखिका दुसऱ्या ठिकाणी, तरी प्रश्न विचारता येतो. ज्यासाठी मी सुरुवातीला हळहळले, ते इथं रोज घडतं.

मग सगळे इथं का येत नाहीत?

ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ४,४०० कोटी डॉलरना ट्विटर विकत घेतलं तेव्हा लोक आले होते. त्या वर्षाच्या अखेरीस मास्टोडॉनवर महिन्याला लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांची संख्या सुमारे २५ लाखांवर गेली. मग त्यातले बरेच परत फिरले. त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. तेव्हा पहिल्याच पायरीवर ‘सर्व्हर निवडा’ असं विचारलं जायचं, आणि ज्याला सर्व्हर म्हणजे काय हेच अजून उमगलेलं नाही त्यानं काय निवडावं? बऱ्याच जणांनी तिथूनच पाय मागे घेतला. जे आत आले त्यांना कोरी टाइमलाइन दिसली, कारण इथं तुमच्यासाठी कोणी ताट वाढून ठेवत नाही. आणि ज्यांच्याशी बोलायचं ती माणसं जुन्याच ठिकाणी होती. बिऱ्हाड एकट्याचं हलतं, शेजार हलत नाही, हे या साऱ्या विषयातलं सगळ्यात अवघड सत्य आहे आणि कोणताही प्रोटोकॉल त्यावर तोडगा काढू शकलेला नाही.

सर्व्हर कसा निवडायचा, असं मला नेहमी विचारलं जातं. मी तीन गोष्टी पाहायला सांगते. नियम माणसाला समजतील अशा भाषेत लिहिलेत का. चालवणारा एकटा आहे की दोघं-तिघं आहेत. आणि खर्च कुठून भागतो हे उघड सांगितलंय का. मास्टोडॉनच्या अधिकृत यादीत नाव हवं असेल तर सर्व्हरला काही वचनं द्यावी लागतात: रोजचा बॅकअप, अडचणीच्या वेळी सर्व्हर हाताळू शकेल असा किमान एक दुसरा माणूस, द्वेषपूर्ण मजकुरावर कारवाई, आणि बंद करायचं झालं तर निदान तीन महिन्यांची आगाऊ सूचना. यातली शेवटची अट वाचली तेव्हा मला माझी ती झिप फाइल आठवली.

सर्व्हर चालवणाऱ्यांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण त्यांचं काम कोणाला दिसत नाही. आपले लोक ज्यांना फॉलो करतात त्यांचे फोटो आणि व्हिडिओही आपल्याच डिस्कवर साठत जातात. ते वेळोवेळी साफ करावे लागतात. सॉफ्टवेअरमध्ये सुरक्षेची त्रुटी सापडली तर त्याच रात्री नवी आवृत्ती चढवावी लागते. आणि तक्रारी येतात. कोणी कोणाला शिवीगाळ केली, कोणी खोट्या नावानं खातं काढलं, कोणी पाहवणार नाही असं काही टाकलं. ते आपल्याला दिसू नये म्हणून कोणीतरी ते आधी पाहिलेलं असतं. बहुतेक जण हे नोकरी-घर सांभाळून, वर्गणीच्या पैशांवर करतात. माझ्या सर्व्हरच्या ॲडमिनला मी कधी भेटलेले नाही, पण दर महिन्याला थोडी रक्कम पाठवते. हा खर्च कोणीतरी उचलतच असतं. मोठ्या कंपन्यांकडे तो जाहिरातदार उचलतात आणि त्याबदल्यात आपलं लक्ष घेतात.

विकेंद्रित म्हणजे बेबंद, असाही एक समज आहे. तो चुकीचा आहे. प्रत्येक सर्व्हर आपल्या अंगणात कोणाला येऊ द्यायचं ते ठरवतो. २०१९ मध्ये गॅब या, वंशद्वेषी मजकुरामुळे कुप्रसिद्ध झालेल्या नेटवर्कनं मास्टोडॉनचं सॉफ्टवेअर वापरायला घेतलं. सॉफ्टवेअर खुलं असल्यानं त्यांना कोणी अडवू शकलं नाही. पण असंख्य सर्व्हरनी त्यांच्याशी बोलणंच बंद केलं, कित्येक ॲपनीही त्यांना दारं लावली, आणि ते एका कोपऱ्यात एकटे पडले. कोणाचं तोंड बंद केलं गेलं नाही, पण ऐकायचं की नाही हे प्रत्येकानं स्वतः ठरवलं. याची दुसरी बाजू अशी, की दोन ॲडमिनमध्ये वाद झाला आणि त्यांनी एकमेकांचे सर्व्हर तोडले, तर दोन्हीकडच्या सामान्य माणसांच्या ओळखी विनाकारण तुटतात. माझ्याही दोन तुटल्या. त्यातली एक पुन्हा जुळली, कारण ती व्यक्ती दुसऱ्या सर्व्हरवर गेली.

आणि पत्त्यातला ‘तमुक ठिकाणी’ हा भागही शेवटी कोणाच्या तरी हाती असतोच. फेब्रुवारी २०२४ मध्ये क्वीअर डॉट एएफ हा मास्टोडॉन सर्व्हर एकाएकी बंद पडला. ‘डॉट एएफ’नं संपणारे इंटरनेटवरचे पत्ते (डोमेन) अफगाणिस्तानचे आहेत आणि तिथल्या तालिबान राजवटीतल्या मंत्रालयानं ते नाव गोठवलं. सर्व्हर शाबूत, माणसं शाबूत, पण पत्ता पुसला गेल्यामुळे चिठ्ठ्या पोचेनात.

पत्ता आणि घर यांची अशी गाठ मुळात असूच नये, असं ब्लूस्काय या दुसऱ्या विकेंद्रित नेटवर्कवाल्यांचं म्हणणं. ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांनी डिसेंबर २०१९ मध्ये या प्रकल्पाची घोषणा केली. पुढे तो स्वतंत्र कंपनी झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यावर दोन कोटींहून जास्त खाती होती. त्याची रीत वेगळी आहे, तिचं नाव एटी प्रोटोकॉल. तिथं प्रत्येकाला एक कायमची ओळख मिळते, अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ. दिसणारं नाव म्हणजे एक डोमेन, ते हवं तेव्हा बदला. पोस्ट वेगळ्या कोठारात असतात, ते कोठारही बदला. सगळ्या कोठारांतून मजकूर गोळा करणारी यंत्रणा वेगळी आणि तो मांडून दाखवणारी आणखी वेगळी. कोणती पोस्ट आधी दिसावी हे ठरवणारे अल्गोरिदमसुद्धा लोकांनी बनवलेले असतात आणि त्यातून आपण हवा तो निवडायचा. घर बदललं तर नाव, पोस्ट आणि माणसं, तिन्ही बरोबर यावीत अशी ही रचना आहे, आणि कागदावर ती मास्टोडॉनपेक्षा सरस आहे. पण आज बहुतेक लोकांची कोठारं त्याच एका कंपनीच्या सर्व्हरवर आहेत, आणि सगळीकडून मजकूर गोळा करणारी यंत्रणा उभी करणं मास्टोडॉनचा छोटा सर्व्हर चालवण्याइतकं स्वस्त नाही. दारं अनेक ठेवलेली आहेत, पण गर्दी अजून एकाच दालनात आहे.

नॉस्टर ही तिसरी तऱ्हा. २०२० मध्ये सुरू झालेली. तिथं सर्व्हर तुमचा मालक नसतोच, कारण तुमचं खातं म्हणजे गणितानं तयार केलेली किल्ल्यांची एक जोडी. जाहीर किल्ली हे तुमचं नाव, गुप्त किल्ली ही तुमची सही. पोस्ट हव्या तितक्या सर्व्हरवर ठेवा, एकानं काढली तर दुसऱ्यावर असेल. तुम्हाला कोणी घालवू शकत नाही. पण गुप्त किल्ली हरवली तर ‘पासवर्ड विसरलात?’ असं विचारणारंही कोणी नाही, आणि ती चोराच्या हाती लागली तर तो आणि तुम्ही यांत फरक करणारंही कोणी नाही. इतकी जबाबदारी रोजच्या गप्पांसाठी मला नको वाटते. माझ्या मावशीला तर मी ते कधीच सुचवणार नाही.

या सगळ्यात एक भीती खरी आहे. एक्सएमपीपी नावाचा चॅटचा खुला प्रोटोकॉल १९९९ च्या सुमारास जन्मला. गूगल टॉक त्याला जोडलं गेलं तेव्हा लोकांना वाटलं, आता चॅटही ईमेलसारखं होणार. २०१३ मध्ये गूगलनं हँगआउट्स आणलं आणि बाहेरच्या सर्व्हरशी बोलणं त्यात ठेवलंच नाही. एक्सएमपीपी संपला नाही, पण छोट्या सर्व्हरवर बसलेल्या माणसांची मित्रयादी ओस पडली. थ्रेड्ससारखा कोट्यवधी माणसांचा शेजारी आला, की फेडिव्हर्समधले जुने लोक म्हणूनच बिचकतात. काही सर्व्हरनी थ्रेड्सला आधीच दार लावलं. मी ते उघडं असलेल्या सर्व्हरवर राहते, कारण तिथून मावशीसारखी माणसं येऊ शकतात. पण ज्यांनी लावलं त्यांचं कारण मला समजतं.

रोजच्या जगण्यात काय बदललं, ते सांगायचं राहिलं. माझ्या टाइमलाइनवर पोस्ट वेळेच्या क्रमानं येतात, ताजी वर. कोणीतरी माझा राग किंवा कुतूहल मोजून त्यांचा क्रम लावत नाही. याचा परिणाम कळायला मला आठवडा लागला: टाइमलाइन संपते. काल रात्री वाचलेली पोस्ट दिसली की पुढे पाहण्यासारखं काही उरत नाही. पहिल्या काही दिवसांत त्या जागी पोचल्यावर बोट तसंच वर-खाली फिरत राहायचं, जिना संपल्यावर अंधारात आणखी एक पायरी शोधावी तसं. आता मी फोन खाली ठेवते.

दुसरं असं, की नुसती पसंती दिल्यानं मास्टोडॉनवर पोस्ट आपल्याला फॉलो करणाऱ्यांच्या टाइमलाइनवर जात नाही, लिहिणाऱ्याला कळतं की कोणाला तरी आवडलं. ती इतरांनी वाचावी असं वाटत असेल तर आपणच ती पुढे पाठवायची. पसरवण्याचं काम यंत्राकडून माणसाकडे आलं की हात थोडा जपून चालतो. आणि इथं फोटोबरोबर त्याचं शब्दांत वर्णन लिहायची सवय लोकांनी एकमेकांना लावली आहे, म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांच्या स्क्रीन रीडरला ते वाचून दाखवता येतं. मी सुरुवातीला ‘सूर्यास्त’ एवढंच लिहायचे. मग एका अंध वाचकानं विचारलं, की आज ढग कसे होते? तेव्हापासून मी ढग कसे होते ते लिहिते. त्यासाठी आधी नीट पाहावं लागतं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या पहिल्या सर्व्हरच्या ॲडमिननं कळवलं, की आता झेपत नाही, तीन महिन्यांनी बंद करतो आहे. मी नवा सर्व्हर शोधला, तिथं खातं उघडलं. मी ज्यांना फॉलो करत होते त्यांची यादी फाइल म्हणून उतरवली आणि नव्या ठिकाणी चढवली. मग जुन्या खात्यात नवा पत्ता भरून ‘स्थलांतर करा’ हे बटण दाबलं. माझ्या जुन्या सर्व्हरनं सगळ्या शेजारी सर्व्हरना चिठ्ठ्या धाडल्या, की ही बाई आता तिकडे राहते, आणि मला फॉलो करणारी माणसं आपोआप नव्या पत्त्याला जोडली जाऊ लागली. संध्याकाळी अकरा माणसं होती, जेवण करून येते तो नव्वद, सकाळी उठून पाहिलं तर दोनशे साठ. काही सर्व्हर बंद पडलेले असावेत, थोडी माणसं आली नाहीत. जुन्या पोस्टही आल्या नाहीत. मास्टोडॉनमध्ये त्या जुन्या जागीच राहतात, आणि आता ती जागाच राहिलेली नाही. त्या मी फाइलमध्ये ठेवल्या आहेत.

पण या वेळी गोतावळा बरोबर आला होता. नव्या घरातल्या माझ्या पहिल्या पोस्टखाली पहिलं उत्तर त्या अंध वाचकाचं होतं. त्यांनी विचारलं होतं, नव्या जागेतून आकाश दिसतं का?